परसबागेतली झुकिनी : लावायला सोपी, पण वीतभर झाली की तोडायलाच हवी

मलकापूर (ता. कराड) : मॉलमध्ये आणि मोठ्या हॉटेलात दिसणारी झुकिनी आता गावाकडच्या परसबागेतही येऊ शकते. दिसायला काकडीसारखी, पण कुळानं भोपळा. कोयनाकाठची काळी जमीन असो, आगाशिव डोंगराकडची मुरमाड असो, नाहीतर घरावरची गच्ची असो, थंडीच्या दिवसांत दोन-तीन रोपं कुणालाही जमतात. बी टाकल्यापासून साधारण ४५ ते ५५ दिवसांत पहिलं फळ हातात येतं.

अडचण लावण्यात नाही, तोडण्यात आहे. झुकिनीचं फळ कोवळंच खायचं असतं आणि ते वाढतं फार झपाट्यानं. आज वीतभर असलेलं फळ दोन-तीन दिवस विसरलं तर हातभर होतं, आत बिया टणक होतात आणि झाड पुढची फुलं धरायचं कमी करतं. त्यामुळं तोडा वेळेवर झाला तरच पीक हाती लागतं. औषध मारायचं की नाही, किती रोपं लावायची, कुठलं फळ खायचं आणि कुठलं फेकायचं, हे सगळं त्या तोड्यावरच ठरतं. म्हणून लागवडीपासून काढणीपर्यंतची माहिती इथं क्रमानं दिली आहे.

झुकिनी म्हणजे नेमकं काय?

दुधी, दोडका, कारलं, काकडी, डांगर या वेलवर्गीय भाज्यांचंच हे भावंड. शास्त्रीय नाव कुकुर्बिटा पेपो. या भोपळ्याची मूळ जमीन मेक्सिको. तिथं माणूस हजारो वर्षांपासून तो पिकवत आला आहे. तिथून तो युरोपात गेला आणि आज आपण ज्याला झुकिनी म्हणतो तो लांबट, कोवळा खायचा प्रकार एकोणिसाव्या शतकात इटलीत तयार झाला. इटालियन भाषेत भोपळ्याला झुक्का म्हणतात, झुकिनी म्हणजे छोटा भोपळा. इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये यालाच कुर्जेट असं नाव आहे.

उत्तर भारतात याच जातकुळीतली भाजी चप्पन कद्दू नावानं फार आधीपासून पिकते. ऑस्ट्रेलियन ग्रीन, अर्ली यलो प्रोलिफिक, पूसा अलंकार, पंजाब चप्पन कद्दू-१ ही या गटातली जुनी, माहितीची नावं. आपल्याकडं दुकानात बहुतेक वेळा खासगी कंपन्यांचं संकरित बी मिळतं. त्यात गडद हिरवी आणि पिवळी असे दोन रंग जास्त चालतात. चवीत फारसा फरक नाही. परसबागेसाठी पिवळ्या रंगाचा एक फायदा आहे. मोठाल्या हिरव्या पानांत पिवळं फळ चटकन दिसतं, तोडायचं राहून जात नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. बहुतेक झुकिनी वेलासारखी पसरत नाही, झुडपासारखी बसते. त्यामुळं मांडव लागत नाही. पण एक झुडूप तीन फुटांची जागा घेतं.

कधी लावायची?

झुकिनीला १८ ते २८ अंश तापमान मानवतं. कराड परिसरात परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमाराला, पाऊस थांबून जमिनीत वाफसा आला की पहिलं बी टाकावं. जानेवारीअखेरपर्यंत लावायला हरकत नाही. कडाक्याच्या थंडीत बी उगवायला वेळ लागतो, एवढंच.

पावसाळ्यात लावली तर पानावर रोग येतो, देठाशी कूज होते आणि सततच्या पावसात मधमाशी फिरत नसल्यानं फळ धरत नाही. एप्रिल-मे महिन्यात उलटी गत. ऊन वाढलं की नर फुलं भाराभर येतात, मादी फुलं कमी होतात. झाड हिरवंगार दिसतं आणि फळ मात्र नाही.

सगळी रोपं एकदम लावू नयेत. झुकिनीचा बहर दीड-दोन महिनेच टिकतो. आज दोन रोपं लावली तर पाच-सहा आठवड्यांनी आणखी दोन लावावीत. पहिली उतरणीला लागतात तेव्हा दुसरी सुरू होतात.

किती रोपं पुरेत?

पाच माणसांच्या घराला तीन रोपं पुष्कळ झाली. हिशेब सोपा आहे. भर बहरात एका रोपाला दिवसाआड एक फळ धरलं आणि फळ साधारण २०० ग्रॅमचं धरलं, तर तीन रोपांतून दिवसाआड ६०० ग्रॅम भाजी घरात येते. एक वेळची भाजी झाली. हौसेनं दहा-बारा रोपं लावली की पंधरा दिवसांतच घरातली माणसं कंटाळतात, शेजारीही नको म्हणतात, फळं झाडावरच मोठी होतात आणि मग सगळंच बिनसतं.

जादा लावून विकू, असा विचार असेल तर आधी गिऱ्हाईक बघावं. झुकिनीला मागणी आहे ती प्रामुख्यानं पुणे-मुंबईच्या बाजारात आणि हॉटेलांत. गावच्या आठवडी बाजारात दुधी आणि दोडका जसा हातोहात जातो तशी ती जात नाही. शेतावर मल्चिंग आणि ठिबक करून झुकिनी घेणं हा वेगळा धंदा आहे. त्याचा हिशेब परसबागेवरून मांडू नये.

जागा आणि जमीन

दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. नारळाच्या किंवा आंब्याच्या सावलीत झुकिनी उंच वाढते, पण फळ धरत नाही.

काळ्या जमिनीत पाणी साचतं आणि झुकिनीला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. अशा ठिकाणी सहा ते आठ इंच उंचीचा गादीवाफा करून त्यावर लावावं. मुरमाड जमिनीत दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. खड्ड्यात चांगली माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरावी. कच्चं शेण घालू नये. त्यात हुमणी वाढते आणि उष्णतेनं मुळं करपतात. दोन खड्ड्यांत तीन फूट अंतर ठेवावं. दाटीनं लावलं तर पानापानात हवा खेळत नाही आणि भुरी लवकर येते.

गच्चीवर लावायचं असेल तर दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल ड्रम किंवा ग्रो बॅग घ्यावी. एका ड्रमात एकच रोप. दोन भाग माती, एक भाग शेणखत आणि एक भाग कोकोपीट किंवा कुजलेलं पाचट असं मिश्रण चालतं. तळाला पाणी जायला चार-पाच भोकं हवीतच. रासायनिक औषधाचा रिकामा डबा किंवा कॅन कितीही धुतला तरी भाजी लावायला वापरू नये.

बी कसं टाकायचं?

बी सरळ जागेवर टाकलेलं चांगलं, कारण या पिकाची मुळं नाजूक असतात आणि रोप उपटून लावलं तर ते मान टाकतं. रोप करायचंच असेल तर कागदी कपात किंवा ट्रेमध्ये करून, दोन-तीन पानांवर असताना मातीच्या गोळ्यासकट लावावं.

एका ठिकाणी दोन बिया, एक इंच खोल, आडव्या ठेवाव्यात. हलकं पाणी द्यावं. पाच ते आठ दिवसांत कोंब वर येतो. दोन्ही उगवले तर जोरकस रोप ठेवून दुसरं कात्रीनं कापावं. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात.

पाकिटातलं बी गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचं असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते भिजवू नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरून झाल्यावर हात साबणानं धुवावेत.

पाणी : थोडं, पण नेमानं

मीटरवर २४ तास पाणी देणाऱ्या योजनेमुळं मलकापूरचं नाव राज्यभर झालं. नळाला पाणी कायम असलं तरी मीटर फिरतो तसं बिल येतं, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. झुकिनीसाठी नळ सोडून बसायची गरज नाही. जमिनीतल्या रोपाला थंडीत दिवसाआड तीन ते चार लिटर पाणी पुरतं. तीन रोपांना मिळून एक बादली. ड्रममधल्या रोपाला दररोज दीड-दोन लिटर लागतं, कारण त्यातली माती लवकर सुकते. तांदूळ, डाळी आणि भाजी धुतलेलं पाणी घालायला हरकत नाही. साबणाचं पाणी मात्र घालू नये.

पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावं. पानांवर पाणी उडवलं की रोगाला आमंत्रण मिळतं. आठ दिवस कोरडं ठेवायचं आणि मग एकदम तुडुंब पाजायचं, असं केलं तर फळाचं टोक काळं पडून सडतं. त्याला लोक कीड समजतात, पण ते पाण्याच्या ओढाताणीमुळं झाडाला कॅल्शियम नीट न मिळाल्यानं होतं.

बुडाशी उसाच्या पाचटाचा तीन-चार इंचांचा थर घालावा. आपल्या भागात पाचटाला तोटा नाही. ओल टिकते, तण येत नाही आणि फळ मातीला टेकत नाही. फक्त खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवावी.

खताचं म्हणाल तर खड्डा नीट भरला असेल तर फार काही लागत नाही. फुलं दिसायला लागली की प्रत्येक रोपाला दोन ओंजळी गांडूळखत घालून मातीत मिसळावं. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. युरियाची चिमूट घालायचा मोह टाळावा. पानं छत्रीएवढी होतात आणि फळं मागं पडतात.

फुलं येतात, फळ का धरत नाही?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. लावणीनंतर ३० ते ३५ दिवसांत पिवळीधमक फुलं येतात आणि आठवडाभर एकही फळ दिसत नाही. घाबरायचं कारण नाही. भोपळ्याच्या कुळात नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात आणि सहसा नर फुलं आधी येतात.

ओळखायचं कसं? नर फूल बारीक, लांब देठावर असतं. मादी फुलाच्या मागं बोटाएवढं इवलं फळ असतं. दोन्ही फुलं पहाटे उमलतात आणि ऊन तापायला लागलं की मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशीनं नरातला पराग मादीपर्यंत नेला तर फळ धरतं. नाहीतर ते इवलं फळ टोकाकडून पिवळं पडतं, मऊ होतं आणि गळतं. हा रोग नाही, त्यावर औषध नाही. परागीकरण झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मधमाश्या कमी असतील तर हे काम हातानं करता येतं. सकाळी लवकर ताजं नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मधल्या पिवळ्या दांडीनं मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच चोळायचं. एका नर फुलावर दोन मादी फुलं होतात. मुलांना एकदा दाखवलं की ती आनंदानं करतात. शेजारी झेंडू, बडीशेप किंवा कोथिंबीर फुलावर सोडली तर मधमाश्यांची ये-जा वाढते.

शिल्लक नर फुलं वाया जात नाहीत. भोपळ्याच्या फुलांची भजी करतात तशी याचीही होतात. दोन-चार नर फुलं झाडावर ठेवून बाकीची खुशाल काढावीत.

कीड-रोग : इथं फवारा नको

परसबागेतल्या झुकिनीवर रासायनिक कीटकनाशक मारू नये. यामागं साधा हिशेब आहे. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही ते लिहिलेलं असतं. समजा ते सात दिवस असेल, तर झुकिनीचे त्या काळात तीन तोडे येतात. तोडले तर औषध पोटात जातं आणि ठेवले तर फळं निबर होऊन झाड बसतं. दिवसाआड तोडायच्या भाजीला हे गणित बसतच नाही. शिवाय सकाळी मारलेल्या औषधानं मधमाश्या मरतात, म्हणजे पुढची फळंही जातात.

दोन-तीन रोपांची राखण हातानं होते. ती अशी :

- लाल भुंगेरे : रोप दोन पानांवर असताना हे पानं चाळणीसारखी करतात. सकाळी थंडीत ते सुस्त असतात, तेव्हा वेचून रॉकेलच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात टाकावेत. पानांवर चुलीची राख धुरळावी. रोपावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाकला तर उत्तम, पण फुलं यायला लागली की तो काढायचा, नाहीतर मधमाशी आत येणार नाही.

- फळमाशी : कोवळ्या फळाला बारीक टोचा पडतो, तिथून डिंकासारखा थेंब येतो आणि आत अळ्या होतात. वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यू-ल्यूरचा सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो. एका परसबागेला एक पुरतो. किडकं फळ उकिरड्यावर टाकू नये. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवावं किंवा दोन फूट खोल पुरावं.

- मावा आणि पांढरी माशी : पानाच्या मागं बसून रस शोषतात आणि विषाणू पसरवतात. पिवळे चिकट सापळे लावावेत. जास्त झाले तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण ढवळून संध्याकाळी, फुलं मिटल्यावर फवारावं.

- केवडा-मोझॅक : पान सुरकुतलं, हिरवे-पिवळे चट्टे आले आणि फळाला गाठी आल्या तर तो विषाणू आहे. त्याला इलाज नाही. रोप उपटून टाकावं, म्हणजे बाकीची वाचतात.

- भुरी : पानावर पिठासारखी पांढरी पूड. थंडीत आणि धुक्यात हमखास येते. ब्राझीलमध्ये झुकिनीवरच झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाण्यात मिसळलेल्या गाईच्या दुधाच्या फवाऱ्यानं भुरी आटोक्यात राहिल्याचं दिसलं. घरच्या घरी एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी असं करून आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात पानांवर फवारावं. सुरुवातीलाच केलं तर उपयोग होतो. फार पसरल्यावर बुडाची जुनी पानं कापून टाकणं बरं.

ऊस पट्ट्यातल्या घरांसाठी एक खास सूचना. उसातल्या तणासाठी मारलं जाणारं २,४-डी हे तणनाशक भोपळावर्गीय पिकांना फार लागतं. शेजारच्या फडात फवारणी असेल आणि वारा घराकडं असेल तर पानं वाकडी होतात, शेंडा पिळवटतो. फडाच्या कडेला झुकिनी लावू नये. आणि ज्या पंपानं तणनाशक मारलं तो पंप धुऊनसुद्धा परसबागेत वापरू नये.

तोडा : कधी आणि कसा?

फूल उमलल्यानंतर चार ते आठ दिवसांत फळ तोडायला येतं. सहा ते आठ इंच लांब, म्हणजे जेमतेम वीतभर. साल चकचकीत हवी आणि नखानं सहज टोचली जायला हवी. साल निस्तेज आणि कडक झाली म्हणजे उशीर झाला.

बहर सुरू झाला की दिवसाआड, आणि ऊन असेल तर रोज सकाळी फेरी मारायची. पानं उचलून बुडाशी बघायचं, कारण फळ खोडाजवळ लपतं. चार दिवस परगावी जायचं असेल तर जाण्याआधी लहानसहान सगळी फळं काढून घ्यावीत आणि शेजाऱ्याला तोडा सांगून जावं. भाजी त्यांच्या घरी गेली तरी चालेल, पण झाडावर राहू नये.

असं का? झाडाचं काम बी तयार करणं. एक फळ जरी पिकायला राहिलं तरी झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते सगळा जोर त्या फळात घालतं. फळ काढत राहिलं की ते पुन्हा पुन्हा फुलतं. वेळेवर तोडलेल्या एका रोपाला चांगल्या निगेत दहा-पंधरा फळं सहज मिळतात. तोडा चुकवलेल्या रोपाला तीन-चार मोठे भोपळे लागतात आणि ते थांबतं.

तोडताना ओढू किंवा पिरगाळू नये. खोड पोकळ असतं, चट्कन मोडतं. धारदार चाकूनं फळाला इंचभर देठ ठेवून कापावं. पानांना आणि देठांना बारीक काटेरी लव असते, हाताला खाज सुटते. पूर्ण बाहीचा सदरा घालावा किंवा हातमोजे वापरावेत. विषाणूचा संशय असलेल्या रोपाला वापरलेला चाकू धुतल्याशिवाय दुसऱ्या रोपाला लावू नये.

फळाची साल पातळ असते, नख लागलं तरी डाग पडतो. न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावं. चार-पाच दिवस टिकतं. फ्रिज नसेल तर ओल्या कापडात, सावलीत दोन दिवस.

कडू लागली तर खायची नाही

काढणीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. भोपळ्याच्या कुळात कुकुर्बिटॅसिन नावाचं कडू विष असतं. खायच्या जातींमध्ये ते निवडीनं जवळपास संपवलेलं आहे. पण कधी एखाद्या रोपात ते परत उसळतं. घरच्या फळाचं बी धरलं आणि त्याचा शोभेच्या किंवा जंगली भोपळ्याशी संकर झाला असेल तर हा धोका जास्त. कडक ऊन आणि पाण्याचा ताणही कडूपणा वाढवतो.

हे विष शिजवून जात नाही, मीठ लावून पिळल्यानंही जात नाही. २०१५ साली जर्मनीत हायडेनहाइम इथं घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला. आपल्या देशातही कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं याची तपासणी करून कडू दुधीचा रस पिऊ नये असं बजावलं.

म्हणून सवय लावायची. प्रत्येक फळ चिरल्यावर देठाकडचा छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकायचा, चूळ भरायची आणि ते फळ टाकून द्यायचं. जनावरांनाही घालायचं नाही. त्या रोपाची बाकीची फळंही खाऊ नयेत, रोपच काढावं. आपल्याकडं "अन्न टाकू नये" अशी शिकवण आहे आणि ती चांगलीच आहे, पण इथं ती लावायची नाही. घरातली वडीलधारी माणसं "थोडं कडू चालतं, कारल्यासारखं" म्हणतात. कारल्याचा कडूपणा वेगळा, हा वेगळा. दुधी, दोडका, काकडी यांनाही हाच नियम.

चुकून खाल्लं आणि उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नये. ताबडतोब दवाखान्यात जावं आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगावं.

याच कारणानं झुकिनीचं बी घरी धरू नये. संकरित वाणाचं बी तसंही मूळ फळासारखं येत नाही. दरवेळी लहान पाकीट विकत घ्यावं. दोघा-तिघा घरांनी मिळून एक पाकीट घेतलं तर खर्चही वाटला जातो.

घरात करायचं काय?

झुकिनीत जवळजवळ ९५ टक्के पाणी असतं. १०० ग्रॅममध्ये जेमतेम १७ उष्मांक, सोबत क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम. साल आणि कोवळ्या बिया काढायच्या नाहीत. चव सौम्य असल्यानं आपल्या पद्धतीचं काहीही चालतं. मूगडाळ घालून भाजी, शेंगदाण्याचं कूट आणि लसूण-मिरची घालून परतलेले काप, पीठ पेरून केलेली भाजी, किसून थालीपीठ. एकच पथ्य : मीठ शेवटी घालायचं आणि पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त शिजवायचं नाही, नाहीतर पाणी सुटून लगदा होतो.

तोडा चुकून मोठी झालेली झुकिनी कडू नसेल तर फेकायची गरज नाही. मधला बियांचा भाग काढून, किसून थालीपिठात किंवा कोफ्त्यात वापरावी.

एका नजरेत

- बी टाकणं : ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर
- उगवण : ५ ते ८ दिवस
- फुलं : ३० ते ३५ दिवस, आधी नर मग मादी
- पहिला तोडा : ४५ ते ५५ दिवस
- तोडायचा आकार : ६ ते ८ इंच
- तोड्यातलं अंतर : दिवसाआड
- रोपं : पाच माणसांना तीन
- चिरल्यावर : आधी जिभेला लावून बघणं

अधिक माहितीसाठी आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा कालवडे (ता. कराड) इथल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येईल. जाताना रोगट पान कागदात गुंडाळून, नाहीतर मोबाइलमध्ये पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून न्यावेत. नुसतं "पान खराब झालंय" सांगून निदान होत नाही.